अणुभट्टीवाल्याने भरलेली आंब्याची पेटी

रत्नागिरीला जायचं म्हणाल तर आता रेल्वे आहे, खुशाल झोपून जा. मी पहिल्यांदा गेलो तो ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, मुंबईहून सकाळच्या एसटीने, मांडीवर पत्र्याची एक चौकोनी जाळी धरून. मला सुलभाशी लग्न करायचं होतं आणि तिच्या वडिलांचा, म्हणजे तात्यांचा होकार बाकी होता. माझ्या घरून हरकत नव्हती.

सुलभा माझ्याच ऑफिसात. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत इंधन कसं बसवायचं, ते आम्ही दोघं कागदावर आखायचो. इंधनाच्या गोळ्या लांब नळ्यांत भरतात आणि अशा नळ्यांचं चौकोनी बंडल करून भट्टीत उभं करतात. खालून पाणी येतं, नळ्यांमधून वर चढता चढता उकळतं आणि त्या वाफेवर वीज होते. नळ्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, म्हणून ठरावीक उंचीवर जाळ्या लावतात. जाळी माझ्याकडे, पाणी आणि उष्णता सुलभाकडे. मी जाळी जाड केली की ती म्हणायची, "अरे, पाण्याला जायला जागा ठेवशील की नाही?" रोजचं भांडण. त्यातूनच जमलं म्हणा ना.

"तू पण चल की," मी म्हटलं होतं.

"मी आले तर तात्या माझ्याशीच वाद घालत बसतील. तू जा. त्यांना अणू म्हटलं की बॉम्ब दिसतो, तेवढं नीट समजाव. आणि हे बघ, तिथे शहाणपणा करू नकोस."

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं.

एसटीने जाणार असाल तर डाव्या बाजूची, मधली खिडकी धरा. मागच्या बाकावर बसलात तर कशेडी घाटात पोटातलं पाणी हलतं, ते खेड येईपर्यंत थांबत नाही. खेडला गाडी थांबली तेव्हा मी वडा-उसळ खाल्ली. शेजारच्या मावशींनी तोवर धीर धरला होता.

"अंड्यांची जाळी काय हो?"

"नाही मावशी, अणुभट्टीची."

मावशींनी आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

रत्नागिरीला पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. तात्या स्टँडवर आले होते. सडसडीत, धोतर, हातात छत्री. माझ्याकडे, मग जाळीकडे पाहून म्हणाले, "हुंडा आणलात की काय?" मी हसलो आणि जाळी काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर घेऊन गेले. तुम्ही जाल तर लवकर जा आणि चपला जुन्या घाला. लिलाव चालू होता, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं. तात्यांनी बांगड्यांचे कल्ले उचलून पाहिले आणि तिथेच माझी परीक्षा सुरू केली. जाळी म्हणजे समजावण्यापुरता मोठ्या मापात केलेला नमुना; ती पुढे धरून मी सगळं समजावलं. सात बाय सात, एकोणपन्नास घरं, नळी हलू नये म्हणून आत स्प्रिंगा.

"म्हणजे तुम्ही पेटी भरता," तात्या म्हणाले.

"तसंच म्हणा."

"आणि सुलू काय करते?"

"पाणी नीट जातंय का, उष्णता निघतेय का, ते बघते."

"मग खरं काम तीच करते की!"

घरी काकूंनी, म्हणजे सुलभाच्या आईने, तेच बांगडे तळले, बरोबर भात आणि सोलकढी. त्या चवीबद्दल लिहीत नाही, उगाच तुमचा जीव जळेल.

दुपारी तात्यांच्या आंब्याच्या बागेतल्या मांडवात पेट्या भरणं चालू होतं. हसनचाचा गेली तीस वर्षं तात्यांच्या पेट्या भरत होते. पेंढा अंथरायचा, वर कच्चे आंबे, पुन्हा पेंढा. ना माप, ना पट्टी. मला राहवलं नाही.

"तात्या, हे सगळं अंदाजपंचे चाललंय. आंबे एकमेकांवर घासणार."

चाचांचा हात थांबला. तात्यांनी डोळे मिचकावले. "मग भरा की तुम्ही एक. दोन्ही पेट्या तुमच्याबरोबरच धाडतो. कुठली बरी, ते कळवा."

दोन तास मी पुठ्ठे कापत होतो. प्रत्येक आंब्याला वेगळं घर केलं. शिवाय भट्टीची सवय! उष्णता साचू नये म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडली, फळ्यांत फटी ठेवल्या, खालून वरपर्यंत वारा खेळेल अशी वाट केली. मला माझाच अभिमान वाटला. चाचा बिडी ओढत बघत होते. "थंडगार ठेवलात हो, साहेब," एवढंच म्हणाले. मला ती दाद वाटली.

निघताना मी धीर करून विचारलं, "तात्या, आमच्या लग्नाचं?"

"कळवतो," तात्या म्हणाले.

एसटीच्या टपावर पेट्या बांधता बांधता चाचा माझ्या कानाशी लागले. "पेंढ्याची आधी उघडा हां, साहेब. विसरू नका." म्हातारा मिरवतोय झालं, असं मला वाटलं.

मुंबईला खोलीवर आलो आणि ठरवलं, माझी पेटी पिकल्याशिवाय तात्यांची उघडायचीच नाही. ती खाटेखाली सरकवली. माझी रोज उघडून बघायचो. आंब्यांना ओरखडासुद्धा नव्हता. चार दिवस झाले, पाच झाले, आंबे हिरवेच. सहाव्या दिवशी सुरकुतले.

इकडे तात्यांचं पत्र नाही. सुलभा रोज विचारायची, "काय बोललास त्यांना? नक्की शहाणपणा केलास!" मग विचारणं बंद झालं. ऑफिसात ती माझ्याशी फक्त पाण्याच्या दाबाबद्दल बोलू लागली. मला जेवण जाईना. पेटीपायी मुलगी घालवली, असं मनाने घेतलं.

आठव्या दिवशी ती खोलीवर आली, सोक्षमोक्ष लावायला. दारातच थांबली.

"हा वास कसला?"

खाटेखालून खोलीभर हापूसचा घमघमाट सुटला होता. तिने पेटी ओढली, फळी उचकटली. ऊबदार पेंढ्यात केशरी आंबे, आणि त्यांच्यावर घडी घातलेला कागद. ती मोठ्याने वाचू लागली.

"चि. सुलू, टपालापेक्षा पेटी लवकर पोचेल म्हणून यात ठेवतो. कोण जिंकलं ते कळवू नकोस. आंब्याला ऊब लागते, हे तुझ्या इंजिनिअरला कोणी शिकवलेलं दिसत नाही. माणूस हट्टी आहे, पण दोन तास पुठ्ठे कापताना एकदाही कंटाळला नाही. आमचा होकार आहे. ता. क. ही पेटी त्याने पहिल्याच दिवशी उघडली असेल तर मी समजतो त्याहून तो शहाणा आहे. आठवडाभराने उघडली असेल, तर सांभाळून घे."

मी खाटेवर बसलो. रडू आलं, खोटं कशाला सांगू. आठ दिवस होकार माझ्याच खाटेखाली होता आणि मी त्याच्यावर झोपत होतो.

सुलभाने कागदाची घडी घातली. "कितवा दिवस आज?"

"आठवा."

तिने एक आंबा माझ्या हातात दिला. "खा आता."

पत्र्याची जाळी तात्यांकडेच राहिली. लग्नानंतर गेलो तेव्हा काकूंनी तिच्यात कोंबडीची अंडी मांडली होती. एसटीतल्या मावशींचं शेवटी खरं झालं. तात्या आता नाहीत, चाचाही नाहीत, पण त्या बागेतली पेटी दर मे महिन्यात येते. ती त्याच दिवशी उघडायची, असा आमच्या घरचा नियम आहे, आणि उघडते सुलभा. सगळा पेंढा काढून ती पेटीच्या तळापर्यंत हात फिरवते. तिथे काही नसतं, हे तिला माहीत आहे.