कमळच्या हाताचा टाका

थळच्या आपल्या घरी, ओटीवर बसून विनिता पाटील क्रोशाच्या सुईने वाट्या विणते. सुती दोऱ्याच्या वाट्या, आत उशीत भरतात तसला मऊ कापूस. कॅन्सरमुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, त्या बायका ही वाटी ब्लाउजच्या आत घालतात. विनिताचाही डावा स्तन काढला आहे. सुरुवातीला ती आत जुन्या लुगड्याची घडी कोंबायची. भाच्याच्या हळदीला नाचताना ती घडी सरकून पोटावर आली. त्यानंतर बरेच दिवस ती कुठल्या कार्याला गेली नाही.

वाटी विणायला तिला कमळने शिकवलं. कमळ उरणकडची, नवरा वारल्यावर मिठागरात राबून तिने एकुलती मुलगी वाढवली होती. दोघींची ओळख मुंबईच्या इस्पितळात झाली. सलाईन उतरलं की कमळ पिशवीतून दोरा काढायची. तिचा टाका घट्ट, विनिताचा सैल. सैल विणलंस तर कापूस बाहेर येल गो, असं म्हणून ती विनिताचं विणलेलं उसवायची आणि पुन्हा विणायला लावायची.

विनिता बरी झाली. कमळचा आजार हाडांत उतरला. शेवटच्या दिवसांत विनिता तिच्या घरी जाऊन राहिली होती. माझ्या जागृतीला छाती तपासत जायला सांग, एवढं एकच मागणं कमळने तिच्याकडे केलं. बाराव्याला विनिताने जागृतीला ते सांगितलं. ती न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होती, अजून तिशीही गाठली नव्हती. आईचा आजार माझ्या गळ्यात घालू नकोस, असं म्हणून ती आत निघून गेली.

घरी परतल्यावर विनिताच्या हाताला काहीतरी झालं. टाका घट्ट पडू लागला. मुद्दाम सैल विणायला गेली तरी दोरा ओढला जायचा. अलिबागच्या ज्या डॉक्टरीणबाई वाट्या नेत, त्या म्हणाल्या, आता हात छान बसला. विनिताला मात्र तो हात आपला वाटत नव्हता. विणताना मागून कुणीतरी बघतंय, असं वाटायचं. एकदा तिने मागे वळून विचारलं, "बरोबर हाय ना गो?" मागे कुणीच नव्हतं. दारातून सुनेने ते ऐकलं आणि सासूला देवऋष्याकडे न्यायचं काढलं. विनिता गेली नाही. ती काय तरास देत न्हाय, बसू दे तिला, एवढंच म्हणाली.

यंदाच्या वैशाखात एका दुपारी फाटक वाजलं. अंगणात कमळ उभी होती, इस्पितळात असायची तशीच एका खांद्यात कललेली. विनिताच्या हातातून सुई गळाली. "मावशी," अशी हाक आली, तेव्हा तिला कळलं की ही जागृती. डोक्याला रुमाल बांधलेला, ओढणी छातीवर घट्ट धरलेली.

पाणी पिऊन जागृतीने सगळं सांगितलं. मावशीचा तिला फार राग यायचा. पण ते बोलणं डोक्यातून जाईना, आंघोळीला गेली की हात आपोआप छातीकडे जायचा. दिवाळीनंतर गाठ लागली. लहान होती, वेळेत सापडली. तरी स्तन काढावा लागला.

विनिताने माप घेतलं आणि विणायला बसली. कमळच्या पोरीसाठी असं काही विणावं लागेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पुन्हापुन्हा चुकत गेलं, उसवावं लागलं. शेवटी जागृती तिला टेकून बसली आणि गुंडा हातात घेऊन दोरा सोडत राहिली. उन्हं उतरताना वाटी पुरी झाली. जागृती आत जाऊन ती घालून आली, तेव्हा ओढणी तिने मोकळी सोडली होती.

ओटीवर बसून तिने विचारलं, "मावशी, शेवटी आई घाबरली होती का?"

आई गेली त्या वेळी जागृती ड्युटीवर होती. झोपेत शांतपणे गेली, असंच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं.

"व्हय बाय," विनिता म्हणाली. "लय घाबरली होती. माझा हात सोडत नव्हती."

जागृतीने मान हलवली. "मलाही तसंच होतं," ती म्हणाली. "आई न घाबरता गेली म्हणतात ना, मग मला वाटायचं, मीच एकटी अशी भित्री."

विनिताने तिला जाऊ दिलं नाही. सुनेने आत चूल पेटवली आणि तिच्यासाठीही भाकऱ्या टाकल्या.