पाठीवरच्या तलवारीचं म्यान

ताईने केलेल्या म्यानाबद्दल भाऊजींचं कौतुक कसं झालं, ते सांगते. शांतपणे सांगणं मला जमणार नाही, तेव्हा आवाज चढला तर चढू दे.

चामड्याचं दुकान आमच्या वडिलांचं. मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे आणि वडील ताईच्या हातात चामडं कापायची रापी द्यायचे. बाराव्या वर्षी ती पट्टे कापायची. विशीत तिचा टाका वडिलांच्या टाक्यापेक्षा सरळ पडायला लागला, हे मला त्यांनीच सांगितलंय. मग तिचं लग्न झालं, वडील गेले आणि सहा महिन्यांत दुकानाच्या पाटीवर भाऊजींचं नाव आलं. भाऊजी माणूस वाईट नाहीत. गोड बोलतात, गिऱ्हाइकाला चहा देतात. फक्त त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हा. बाहेर गल्ल्यापाशी ते, आत ताई, मध्ये पडदा. आत त्यांची बायको भाजी निवडत असेल, असंच गिऱ्हाइकांना वाटतं.

एक दिवस नाटकवाला आला. सोबत तलवार, जुन्या काळच्या सरदारांची असते तशी, दोन हातांनी पेलायची. उभी केली तर माझ्या हनुवटीला लागली. म्हणाला, "आमचा नायक ही पाठीवर बांधणार. खांद्यावरून हात टाकून सर्रकन उपसता आली पाहिजे. असं म्यान करून द्या."

"होऊन जाईल," भाऊजी म्हणाले. न होण्यासारखं त्यांना कधी काही दिसतच नाही, त्यांना थोडंच करायचं असतं!

पडद्याआडून ताई म्हणाली, "हात पुरणार नाही. पातं हातापेक्षा लांब आहे."

नाटकवाल्याने भाऊजींकडे बघूनच उत्तर दिलं, "नायक उंच आहे हो आमचा." आणि जाता जाता सांगून गेला की नाटक नसेल तेव्हा म्यानासकट तलवार सभागृहाच्या दारात काचेच्या कपाटात राहील, खाली कार्डावर कारागिराचं नाव असेल.

तो गेल्यावर ताईने मला विचारलं, "माझं नाव लिहितील का गं?" वीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही विचारलेलं मला आठवत नाही. मी लगेच भाऊजींना गाठलं. "कार्डावर ताईचं नाव सांगा." ते म्हणाले, "हो हो, बघू."

ताईने पंधरा दिवस त्या म्यानाला दिले. दोन पातळ फळ्या आतून कोरून त्यात पातं सैल बसेल असा गाभा केला. चामडं भिजवलं, ओलं असतानाच गाभ्यावर ताणून घेतलं आणि मागच्या बाजूने दोन सुयांनी शिवत आली, कारण वाळताना चामडं आवळतं आणि मग हट्टी होतं. तिच्या बोटांच्या पेरांना मेणाच्या दोऱ्याचे वळ पडले होते. आणि हात न पुरण्यावर तिने तोड काढली. म्यानाच्या तोंडापासून खाली दीड वीत एक बाजू उघडीच ठेवली, त्यावर चामड्याची झडप आणि झडपेखाली दोन टिचबटणं. अंगठ्याने बटणं सोडली की पातं बाजूने अलगद बाहेर. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मी स्वतः पाठीवर बांधून पाहिलं आणि आनंदाने ओरडले.

"अहो, त्यांना बटणांचं तेवढं नीट दाखवा," ताईने भाऊजींना तीनदा सांगितलं. भाऊजी तिन्ही वेळा "हं" म्हणाले. मान वर करून एकदा बघितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पहिल्या प्रयोगाच्या आधी सभागृहात छोटा समारंभ होता. आम्ही तिसऱ्या रांगेत. दारातलं कार्ड येतानाच वाचलं होतं. भाऊजींचं नाव, त्याआधी 'कुशल कारागीर'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई एवढंच म्हणाली, "म्यान दिसतंय ना पण बरं?"

नाटकवाल्याने भाऊजींना वर बोलावलं, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि तलवार त्यांच्याच पाठीवर बांधली. "आता उपसून दाखवा कारागीरसाहेब!"

भाऊजींनी ओढली. हात पार वर ताणला, टाचा उचलल्या, तरी वीतभर पातं आतच. पुन्हा ओढली. गोल फिरले. लोक हसायला लागले. मी ताईचा हात घट्ट धरला. म्हटलं, बसून राहा, होऊ दे शोभा.

ती बसलीच होती. मग भाऊजी घाम पुसत म्हणाले, "मापात गडबड झाली असणार. काय आहे, कामाला घरच्या बायकांचाही हात लागतो."

ताईने माझा हात सोडवला. नाव गेलं ते तिने गिळलं होतं, मापाला नावं ठेवलेली तिच्याने गिळवेनात. ती वर गेली, भाऊजींच्या मागे उभी राहिली, अंगठ्याने दोन बटणं सोडली. तलवार बाहेर आली.

"मापात गडबड नाही," ती म्हणाली. "माझं माप आहे ते."

नाटकवाला सावरून हसला, "वा वहिनी! साहेबांनी चांगलं तयार केलंय तुम्हाला!" ताईने भाऊजींकडे पाहिलं. बोलायला एवढी चांगली वेळ त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. पण मूग गिळून बसले!

तिने त्यांच्या पाठीवरचे पट्टे सोडले, तलवार टेबलावर ठेवली आणि रिकामं म्यान काखेत मारलं. "तलवार तुमची, ठेवा. म्यान कोणाचं ते कार्डावर नीट लिहा, मग न्या." आणि चालू लागली. मी मागोमाग पळाले. नायकाने त्या दिवशी उघडी तलवार हातात धरून अख्खा प्रयोग केला म्हणे.

चौथ्या दिवशी नाटकवाला स्वतः दुकानात आला. भाऊजी गल्ल्यावर होते, पण या वेळी तो पडद्यापाशी येऊन उभा राहिला. "वहिनी, चूक झाली. नवीन कार्ड छापतो. त्यावर दोघांचीही नावं घालतो, मग तर झालं?"

ताईने शिवता शिवता विचारलं, "दुसरं कोणाचं?"