चपलांपाशी ठेवलेले फोन

"सर, निदान फोटोखालचं माझं नाव तरी काढा," अश्विनी फोनवर म्हणाली, तेव्हा फोटो डीनसाहेबांपर्यंत पोचला होता.

मी लवळ्याच्या टेकडीवर एका खासगी विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवतो. आम्ही सहा-सात जणांनी एक अभ्यासगट सुरू केला होता. विषय, खुद्द उच्च शिक्षण. आपल्या वर्गात कोण पोचतं, कोण मध्येच गळतं, शिकवणारा किती मोकळा असतो, हे तपासायचं. त्या शनिवारी अश्विनी बोलली. ती कंत्राटी प्राध्यापक, नेमणूक दरवर्षी नव्याने. तिने मांडलं तेही तेच: नोकरी टांगणीला असलेला शिक्षक वर्गात काय काय बोलायचं टाळतो. इतकं नेमकं काम आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं.

आणि मी सवयीने जिओ-टॅग फोटो काढला. म्हणजे ज्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते तो. मूल्यांकनाला पुरावा लागतो. फोटो नसेल तर कार्यक्रम झालाच नाही असं आमच्याकडे धरतात. तिच्यामागे पडद्यावर विषय ठळक दिसत होता. अहवालाला जोडून नावासकट पाठवून दिला.

डीननी बोलावलं. "हा विषय कुणी दिला?"

"त्यांचा त्यांनीच निवडला."

खोटं होतं. मी तिला आठवडाभर गळ घातली होती.

पुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही. कँटीनच्या शांतामावशी ट्रे घेऊन दारात. "यवढं सामोसं तुमी यकटंच खानार व्हय, सर?"

ट्रे तिथेच राहिला. मी डीनच्या केबिनमध्ये गेलो. "विषय मी दिला होता. त्या दिवशी खोटं बोललो."

"तुमचं प्रमोशनचं प्रपोजल माझ्या टेबलावर आहे, माहितेय ना?"

"हो."

"मग हा गट आमच्या नावावर नको. हॉल नाही, फंड नाही."

"आणि मॅडमची नेमणूक?"

"ती त्यांच्या कामावर ठरेल."

तसाच भुकूमला अश्विनीच्या घरी गेलो. डीनना आधी काय सांगितलं होतं, तेही तिला सांगितलं. ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागली.

"वाटलंच होतं मला," आत येऊन म्हणाली. "माफीबिफी राहू द्या आता. गट कुठे भरवायचा ते बोला. या खोलीत दाटीवाटीने दहा जण मावतील. फोन मात्र चपलांपाशी ठेवायचे. तुमचा सगळ्यात आधी."

तिची नेमणूक झाली. माझं प्रपोजल अजून टेबलावरच आहे. गट मात्र वाढला. घोटावड्याकडून दोघी येतात, आणि जाताना शांतामावशींचे सामोसे मी नेतो. अश्विनीने त्या संध्याकाळी मला दारातूनच परत पाठवलं असतं, तरी माझी तक्रार नसती. तिचे उपकार मोठे आहेत, एवढंच म्हणतो.

यंदाच्या वार्षिक अहवालात 'उभारलेले संशोधनगट' असा रकाना होता. पुरावा जोडायचा होता. मी 'निरंक' लिहिलं आणि सही केली.