पडद्यामागचा वजनकाटा

"शेवटची पाळी कधी आली होती?" केसपेपरवर पेन टेकवून मी समोरच्या मुलीला विचारलं.

ती फिसकन हसली. "सिस्टर, मी नाय. आईला दाखवायचंय."

तिच्या शेजारी बाकावर बसलेल्या बाईने पदर तोंडावर घेतला. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली मी, बावीस वर्षांची पोर आणि चाळिशीची आई बघून सरळ पोरीचं नाव लिहून मोकळी झाले होते. केसपेपर फाडला. लाज वाटली ती वाटलीच.

बाई जासई गावच्या, नंदाताई. मुलगी प्राजक्ता. तिचं लग्न महिन्यावर आलेलं. आईची पाळी चुकली तेव्हा 'वय झालं, आता जायचीच' असं घरात सगळ्यांनी धरलं. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. शेवटी पोरीनेच मेडिकलमधून किट आणलं. दोन रेघा.

"डॉक्टर मॅडमना सांगा ना, आजच पिशवी साफ करून टाका," प्राजक्ता म्हणाली. "बाबा आनि आत्या बोलले, कोनाला कळता कामा नये. हळदीला लोक काय बोलतील?" आईच्या वाटचं सगळं तीच बोलत होती. पोर वाईट नव्हती, घाबरली होती.

आमचं प्रसूतिगृह पनवेलच्या एसटी स्टँडमागे होतं, दहा खाटांचं. आता तिथे मोबाईलची दुकानं आहेत. तरी रिक्षा तिथून गेली की माझी मान आपोआप वळते. त्या दवाखान्यात दांडीवर वजन सरकवायचा एक जुना काटा होता, तोही आतल्या खोलीत, हिरव्या पडद्यामागे. नवी होते तेव्हा मी थोरल्या सिस्टरना विचारलं होतं, "हा इथे अडचणीत कशाला? बाहेर ठेवू या की."

त्या म्हणाल्या, "अगं, बाईबरोबर नवरा शिरतो, सासू शिरते, नणंद शिरते. काट्यावर मात्र एकालाच उभं राहता येतं."

फार कडक बाई. चहा गार मिळाला तरी अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायच्या.

"ताई, वजन करायचंय. एकट्याच आत या," मी म्हटलं.

प्राजक्ता उठली. "मी पन येते."

"तुझं नंतर करू. काट्यावर दोघी मावत नाहीत."

पडदा ओढला. वजन सावकाश सरकवत विचारलं, "ताई, तुमच्या मनात काय आहे?"

त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मना कोनी विचारलाच नाय, सिस्टर." आणि रडायला लागल्या. दांडी हलत होती. मी ती हलू दिली.

मग एकेक सांगितलं. आज काहीही ठरवायचं नाही. आधी किती आठवडे झाले ते बघू. आम्ही आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफी करू. रक्त तपासू. मग मॅडम दोन्ही वाटा सांगतील. ठेवायचं तर या वयात काय जपायचं, नको असेल तर कायद्यात बसवून कसं करायचं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत, एवढं मात्र बजावलं.

"आनि मालकांची सही?"

"लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची पुरते. कागद कुलपात राहतात."

"माजीच?"

"तुमचीच."

सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. मॅडम म्हणाल्या, "वेळ आहे. दोन-चार दिवस विचार करून या."

"पन मॅडम, घरी ठरलाय," प्राजक्ता म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "पोट घराचं नाही, आईचं आहे."

चौथ्या दिवशी नंदाताई एकट्याच आल्या, एसटीने. त्या दिवशी पडद्यामागे इतकं रडल्या, म्हणजे बाळ ठेवणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्डसुद्धा काढून ठेवलं होतं. मीही घरच्यांसारखीच, न विचारता ठरवून मोकळी!

त्या म्हणाल्या, "नको मना. पन हळदीसाठी नाय. प्राजक्ताला सांगितला मी, तुज्या लग्नाचा याच्यात काय नाय. तीन पोरा वाढवली. आता जीव दमलाय माजा, म्हनून नको."

मी कार्ड गुपचूप ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि संमतीचा फॉर्म काढला. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून. सही चौकटीबाहेर गेली. मॅडम म्हणाल्या, "चालेल."

मॅडमच्या देखरेखीखाली गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीला आल्या तेव्हा प्राजक्ता बरोबर होती, हातात लग्नाची पत्रिका. या वेळी ती बाकावरच बसली. "तू जा आत, आई. मी हाय इथं." रिपोर्ट व्यवस्थित आला.

हळदीला मी गेले. नंदाताईंनी माझ्या गालांना हळद फासली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, वजन वाढलाय तुमचा."

आता मी रिटायर झाले. परवा ओळखीच्या एका नव्या हॉस्पिटलात गेले होते. चकचकीत डिजिटल काटा, रिसेप्शनसमोर, सगळ्यांच्या देखत. तिथल्या पोरींना सांगून आले, काटा पडद्यामागे हलवा. त्या म्हणाल्या, "का? वजन तर इथेही बरोबर येतं."

म्हटलं, येतं गं. फक्त वजनच येतं.