मोहनाची हाक

वसईजवळच्या सांडोर गावचे आत्मारामभाऊ म्हणजे केळीच्या बागेत रमलेला माणूस. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी वसईच्या मैदानात सर्कस उतरली आणि तिथल्या दोन हत्तिणींसाठी, मोहना आणि जमनासाठी, भाऊंच्या बागेतले केळीचे खांब जाऊ लागले. भाऊंची बैलगाडी दिसली की जमना चिरका आवाज काढी आणि पहिला घास त्यांच्याच हातून घेई.

पुढे मालकाने जमनाला पालघरकडच्या एका लाकूड ठेकेदाराला विकलं. स्टेशनात ती मालगाडीच्या डब्यात काही केल्या पाय ठेवीना. माहूत बशीर थकला, तेव्हा मालकाने भाऊंना बोलावलं. भाऊंनी फार चौकशी केली नाही. हत्तीण आपलं ऐकते, याचाच त्यांना अभिमान वाटला. राजेळी केळ्यांचा घड घेऊन ते डब्यात शिरले, मागोमाग जमना शिरली. भाऊ पलीकडून उतरले आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मोहना केळीच्या खांबाला तोंड लावीना. स्टेशनाकडे वळून ती गळ्यातून खोल घुमे, मग कान पसरून निश्चल उभी राही. तो आवाज भाऊंना कानांपेक्षा छातीत जाणवला.

"हे काय करते ही?" त्यांनी विचारलं.

"जमनाला विचारते, कुठे आहेस म्हणून," बशीर म्हणाला. "मग उत्तर ऐकायला थांबते. रानात लांबूनसुद्धा या अशाच बोलतात."

"आणि काल जमना?"

"ती गाडी हलेपर्यंत हाका मारत होती. तुम्ही पुढे होतात म्हणून चढली."

भाऊंनी मालकाच्या विनवण्या केल्या, पण सौदा फिरला नाही. सर्कस गुजरातेत निघून गेली. भाऊंना अन्न गोड लागेना. शेवटी बायको सुभद्रा म्हणाली, एकदा भेटून तरी या.

पालघरकडच्या रानात जमना ठेकेदाराचे ओंडके ओढत होती. भाऊंना पाहताच तिने तोच चिरका आवाज काढला, सोंड त्यांच्या खांद्यावर ठेवली. तिने झिडकारलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. मग ती वसईच्या दिशेला वळली, घुमली आणि ऐकत उभी राहिली. तिथे आता कुणी नाही, हे तिला कसं सांगणार?

घरी सुभद्राने विचारलं, ओळखलं का तिने?

"ओळखलं," भाऊ म्हणाले. "रागावलीसुद्धा नाही."

पुढे सर्कस आली की ते खांब देत, पण पोहोचवायला मात्र स्वतः कधी गेले नाहीत.