बिनतिखटाचं कालवण

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात मासा म्हणजे धरणातला. समुद्राचा मासा आम्ही मोबाइलवरच बघितलेला. तिथंच एका ब्राझीलच्या बाईनं झिंग्यांचं कालवण केलेलं मी पाहिलं. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, नारळाचं दूध, वरून लिंबू न् कोथिंबीर. तिखटाची चिमूटसुद्धा नाही. एकदा माझ्या डोक्यात काही शिरलं की ते गॅसवर चढेपर्यंत मला चैन पडत नाही. हिंगोलीहून बर्फातले झिंगे मागवले. ती बाई ताडाचं लाल तेल घालत होती, मी आपलं करडईचं घातलं.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जन्मात झिंगा खाल्लेला नव्हता. सुकटीचा वाससुद्धा ह्यांना सोसत नाही, त्यामुळं ती कधी घरात आलीच नाही. तरी रविवारी दुपारी मुकाट्यानं जेवायला बसले, भात कालवला आणि खाऊ लागले.

आमच्याकडं रश्शाची परीक्षा नाकाडोळ्यांवर होते. जेवणाऱ्याच्या नाकाला धार लागली, कान लाल झाले, की करणारीनं समजावं, जमलं. ह्यांचं नाक वाहायला लागलं तशी मी फुलून गेले. ओठही लालभडक दिसत होते. झणझणीत लागलं वाटतं, असं म्हणत मी आणखी एक पळी वाढली. मग खोकला सुरू झाला. मी गुळाचा खडा आणला, तर तो ह्यांच्या सुजलेल्या ओठांतून आत जाईना.

गूळ हातात धरून मी उभी होते आणि तेव्हा ध्यानात आलं, या कालवणात तिखट नाहीच. मीच तर केलं होतं. मग हे तोंड कशानं पोळलं?

ह्यांच्या गळ्यावर, छातीवर गांधी उठल्या होत्या. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तशीच अनवाणी समोरच्या घरी धावले. तिथला शेजारी सेनगावपर्यंत भाड्याची जीप चालवतो. जीपमध्ये सवाऱ्या बसलेल्या होत्या, त्या त्यानं खाली उतरवल्या आणि ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं.

"भाभी, त्यांना बोलतं ठेवा," तो म्हणाला. "झोपू देऊ नका."

बोलतं ठेवायचं म्हणजे काय विचारायचं? इतक्या वर्षांच्या संसारात आमचं बोलणं गॅस संपला, पाणी आलं, एवढंच. मोटर बंद केली का, मी विचारलं. ह्यांनी "व्हय" म्हटलं. मळ्याच्या खोलीला कुलूप लावलं का? या वेळी नुसतीच माझी बोटं दाबली. तिसऱ्यांदा काय विचारलं ते आठवत नाही, पण बोटं हललीच नाहीत. मी तो हात चोळत राहिले. मनात एकच चाललेलं, मी माझ्या हातानं मारलं ह्यांना. समोर जनावरांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि जीप थांबली, तेव्हा मला त्या मुक्या जनावरांचाही संताप आला.

दवाखान्यात झिंग्याचं नाव काढताच डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. श्वासाची शिट्टी हळूहळू विरली. आणखी उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि माझ्याकडं बघून थांबले. झिंगा पुन्हा घरात आणायचा नाही, एवढंच त्यांनी बजावलं.

संध्याकाळी ओठ उतरले, आवाज सुटला. कधीपासून होत होतं, मी विचारलं.

"पैल्याच घासाला. घसा खाजून राहिला होता."

"मग बोललात काहून न्हाई?"

"तू दोन दिस झालं त्याच्याच मागं होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

मला रडू आलं आणि रागही आला. घास जिवावर उठला तरी हा माणूस माझ्या मर्जीला भीत बसला. इथून पुढं काहीही वाटलं तरी लगेच बोलायचं, असं मी वदवून घेतलं.

आता आमच्या ताटात साधं वरण असतं. मी समोर बसते आणि ह्यांच्या तोंडाकडं बघत राहते. हे म्हणतात, "चांगलं झालंय." खरंच चांगलं झालंय, की माझ्यासाठी गिळतायत?