मदरांना वाढलेला उपवास

मला कुणी स्वयंपाक शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं, तेव्हा तर फारच फिरायचं. दुष्काळानंतर आम्ही सांगोल्याहून सोलापूरला आलो. नवरा गिरणीत लागला आणि मी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर केरळच्या, साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार. "जरा बसा की आता!" म्हणून मी त्यांच्यावर ओरडायची, आणि "हळू, भांडी फुटतील!" म्हणून त्या माझ्यावर. सख्ख्या आईवर नसेल इतका माझा त्यांच्यावर जीव होता.

त्या मार्चात बातमी आली की मोठ्या मदर पाहणीला येणार. घर नियमानं चालतंय का आणि आमच्या सिस्टरना स्वयंपाकघर अजून झेपतंय का, ते बघणार. झेपत नसेल तर सिस्टरांची रवानगी लांब बंगळूरकडं, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात. "देव ठेवील तिथं राहायचं," असं सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण सकाळी बघते तर डोळे सुजलेले.

"कशा न्हेत्यात तेच बघते मी!" मी म्हणाले.

ईस्टरच्या आधीचा त्यांचा उपवासाचा काळ नुकताच सुरू झाला होता. मी दिवाळीनंतर लागलेली, त्यामुळे माझा तो पहिलाच. मदर यायच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "उद्या पहिला शुक्रवार. सगळ्यांना उपवास. साधंच कर." आणि प्रार्थनेला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण होईपर्यंत त्यांचं मौन असणार होतं.

आता उपवास कसा करायचा ते मला सांगायला हवं? अहो, माझ्या सासूला उपवास नसलेला वार शोधावा लागायचा! मी पहाटेच पदर खोचला. दाण्याचं कूट घालून शाबूची खिचडी, भगर, वर दाण्याची आमटी, तुपात परतलेला रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर, घट्ट दही. मदर येणार म्हणून राजगिऱ्याचा शिरासुद्धा. धान्याचा एक कण म्हणून पडू दिला नाही.

अकराच्या सुमाराला सिस्टर स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच थिजल्या. मौन होतं ना, बोलायची सोय नाही. त्यांनी खिचडीच्या पातेल्याकडं बोट केलं, कपाळाला हात लावला, दोन्ही हात हवेत नाचवले. मला वाटलं, कमी पडेल म्हणतायत. मी भिजवून ठेवलेला आणखी शेरभर शाबू परतला. सिस्टरांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्यांचा उपवास म्हणजे दुपारी पातळ सूप आणि पावाचा एक तुकडा, हे मला कोण सांगणार होतं? माझ्या डोक्यात आलंच नसतं. आजाऱ्याला देतात ते माणूस देवासाठी का खाईल?

जेवणाची घंटा झाली. सगळ्या सिस्टर ओळीनं बसल्या, मधोमध मदर. मंगळूरकडच्या, उंच, ताठ. एक धाकटी सिस्टर स्टुलावर बसून संतांचं चरित्र वाचू लागली. सगळ्यांचं मराठी सुधारावं म्हणून त्या वर्षी मराठीतून वाचायचं ठरलं होतं. "संत... वाळवंटात... कंदमुळं खाऊन... शरीर झिजवत होते," असं ती अडखळत वाचत होती आणि मी मदरांच्या ताटात रताळ्याचा कीस वाढत होते.

मदरांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं जेवायला लागल्या. पानात पडेल ते संपवायचं, टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. ताट रिकामं झालं. पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की हात बांधून उभं राहायची आमच्यात रीत नाही. मी पुन्हा वाढलं. त्यांनी पुन्हा संपवलं. मी पुन्हा डाव घेऊन गेले, तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

आता आडवा हात धरणारा पाहुणा मी जन्मात खरा मानलेला नाही. "लाजू नका की मदर! आपलंच घर हाय!" म्हणत मी बोटांच्या फटीतून खिचडी सोडली.

स्टुलावरचं वाचन थांबलं. कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून रुमालात तोंड लपवलं. मदरांनी बोटं पुसली आणि घाम पुसत पुसत तीही खिचडी संपवली.

जेवण झालं, मौन सुटलं. मदरांनी आम्हा दोघींना बोलावलं. "हा उपवास?"

"व्हय मदर. शप्पत! पायजे तर माज्या सासूला इचारा."

सिस्टर पुढं झाल्या. "चूक माझी आहे, मदर. मी नीट सांगायला हवं होतं. मला आता झेपत नाही."

"त्यास्नी कुटं धाडू नका!" मी ओरडलेच. "काढायचं तर मला काढा!"

मदर सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, त्यांच्या मागोमाग बाकीच्या सिस्टर. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहणाऱ्या शाळेच्या मुलींना उपवास नसायचा, त्यांच्यासाठी रोजच्यासारखं वरण केलेलं होतं. "रोज काय करतेस?" म्हणत मदरांनी त्यातलं चमचाभर तोंडात घातलं. वरण मी आयुष्यात पहिल्यांदा केलं ते कॉन्व्हेंटातच. आमच्याकडं भाकरी आणि कालवण.

मदरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे रोज?"

सगळ्या सिस्टर जमिनीकडं बघायला लागल्या. "दिवाळीपासून," आमच्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

"आणि कुणी तक्रार केली नाही?"

"नाही, मदर."

"मग ह्या घरात दिवाळीपासून उपवासच चालू आहे," मदर म्हणाल्या. "तपासायचं काही उरलं नाही. सिस्टर इथंच राहतील."

रागानं माझे कान तापले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मदरांची गाडी फाटकाबाहेर पडताच मी सिस्टरांना गाठलं. "खरं सांगा, माजं वरण इतकं वंगाळ हाय?"

सिस्टरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मी राहिले की नाही?"